पाटी नसलेल्या डॉक्टरची पहिली नोकरी

एमडीचा निकाल लागला की महिनाभरात माझ्याकडे दोन-तीन तरी कुटुंबं येतात. मुलगी किंवा मुलगा गप्प बसलेला असतो, बोलतात ते वडील. "सर, भूलशास्त्रात एमडी झाली खरी, पण कॉलेज आडबाजूचं. पुण्या-मुंबईत कुणी उभं करेल का?" मग आई हळूच विचारते, "आणि पाटी कुठं लावायची?"

आईचा प्रश्न जास्त खोल आहे. भूलतज्ज्ञाला पाटी नसते, ओपीडी नसते. पेशंट त्याला ऑपरेशनच्या टेबलावर भेटतो आणि शुद्धीवर आल्यावर बहुधा विसरून जातो. भूलतज्ज्ञाला बोलावतो तो सर्जन. त्या सर्जनची काळजी एकच असते: रात्री दोन वाजता अडलेल्या बाळंतिणीचं सिझेरियन करायचंय, तेव्हा डोक्याशी उभा असलेला माणूस थंड डोक्याचा आहे का? त्या वेळी तुमचं कॉलेज कुठलं, हे त्याला आठवतसुद्धा नाही.

कागदावरही फरक वाटतो तेवढा नाही. परळचं केईएम असो की एखाद्या जिल्ह्यातलं नवं सरकारी महाविद्यालय, एमडीची पदवी देणारं विद्यापीठ एकच, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. डीएनबी तर दिल्लीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, देशभर एकच परीक्षा. कॉलेजचं नाव अडतं ते एका ठिकाणी, मोठ्या हॉस्पिटलच्या पहिल्या चाळणीत. तिथले विभागप्रमुख आपल्या किंवा ओळखीच्या विभागातली मुलं आधी घेतात. हृदयशस्त्रक्रिया आणि अवयव प्रत्यारोपणाच्या टीममध्ये तर नवख्याला थेट प्रवेश जवळजवळ नाहीच. हे मान्य करून पुढं जाऊ.

चाळणीतून आत गेलात की खेळ बदलतो. मी मुलाखती घ्यायला बसतो तेव्हा पदवी चाळतो आणि लॉगबुक वाचतो. बहुतेक मुलं सहीशिक्क्यांनी फुगलेलं जाडजूड लॉगबुक पुढं सरकवतात. ते वाचायला वेळ कुणाला? एका पानावर बेरीज करून आणा: जनरल किती, स्पायनल किती, एपिड्युरल, नर्व्ह ब्लॉक, एक वर्षाखालची बाळं, अवघड श्वासमार्ग, आयसीयूतले दिवस. जिथं आकडा लहान आहे तिथं लहानच लिहा. एका मुलानं लहान बाळांपुढं '११' लिहिलं होतं आणि खाली एक ओळ, 'पुढच्या महिन्यात बालरुग्णालयात निरीक्षक म्हणून जात आहे.' त्याला आम्ही घेतलं. त्याच दिवशी दुसऱ्यानं सगळ्या रकान्यांत शंभराच्या पुढचे गोल आकडे लिहिले होते. त्याला विचारलं, "स्पायनल दिली, दहा मिनिटं झाली, पेशंट पाय हलवतोय आणि सर्जन ब्लेड घेऊन उभा आहे. काय कराल?" तो पुस्तकातला धडा म्हणू लागला. स्पायनल फसते, सगळ्यांचीच फसते. ज्यानं ती फसलेली पाहिलीय तो आधी सर्जनला थांबवतो, मग औषधांचा विचार करतो.

छोट्या ठिकाणच्या मुलांना आपली पुंजी ओळखता येत नाही, याचं मला दर वर्षी नवल वाटतं. शेतातली फवारणीची औषधं प्यालेला किंवा सापाच्या विषानं पापण्या मिटत चाललेला, श्वास मंदावलेला माणूस महानगरातल्या रेसिडेंटला क्वचितच दिसतो. जिल्ह्याच्या गावी तो पावसाळाभर दिसतो, आणि व्हेंटिलेटरवर त्याला सांभाळायला रात्री रेसिडेंटच असतो. झटके येणारी बाळंतीण, अर्धवट पोट भरलेला अपघाती रुग्ण, हेही तिथलेच. मुलाखतीत याबद्दल बोला. 'आमच्याकडे सुविधा नव्हत्या' या वाक्यानं सुरुवात करू नका.

आता खरा मुद्दा. पहिली नोकरी पगार बघून घेऊ नका, मागं कोण उभं आहे ते बघून घ्या. एमडी झाल्या झाल्या पुष्कळ मुलं गाडी आणि बॅग घेऊन फ्रीलान्स सुरू करतात. दिवसात चार नर्सिंग होम, पैसा रोख आणि लवकर, शिवाय कर्जाचा हप्ता डोक्यावर. मीही केलं. तिसऱ्याच आठवड्यात एका नर्सिंग होममध्ये पेशंटला झोपवलं, लॅरिंगोस्कोप उघडला, तर दिवा लुकलुकून विझला. दुसरं हँडल नव्हतं, सक्शनची नळी शेजारच्या खोलीत होती, हाक मारायला दुसरा भूलतज्ज्ञ गावात नव्हता. मास्कनं श्वास देत राहिलो, सिस्टर धावत जाऊन सेल घेऊन आल्या. पेशंट घरी गेला. मी मात्र पुढं वर्षभर एका धर्मादाय रुग्णालयात निम्म्या पैशांत नोकरी केली, कारण तिथं दाराबाहेर एक वरिष्ठ बाई बसायच्या आणि आत बोलावलं की यायच्या.

म्हणून पहिलं वर्ष अशा जागी काढा. वैद्यकीय महाविद्यालयात सीनिअर रेसिडेन्सी केली तर दुहेरी फायदा: पुढं सहायक प्राध्यापक व्हायचं तर ते एक वर्ष सहसा लागतं. सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांचा बाँड असतो. त्याला शिक्षा समजू नका, उपजिल्हा रुग्णालयात सिझेरियनला हात बसतो. आणि भूलतज्ज्ञांचा तुटवडा किती आहे? एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत जीवरक्षक भूल शिकवण्याचा कार्यक्रम सरकारला काढावा लागला होता. काम नाही असं होणार नाही. चांगलं काम निवडायचंय.

होकार देण्याआधी ऑपरेशन थिएटर दाखवा म्हणा. लॅरिंगोस्कोप स्वतः लावून बघा. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची लहर येते का, राखीव ऑक्सिजन सिलिंडर आणि त्याची चावी एकाच ठिकाणी आहे का, डिफिब्रिलेटर चार्ज होतो का, ऑपरेशननंतर पेशंटजवळ कोण बसतं. सोनोग्राफीवर ब्लॉक देणार असाल तर ते मशीन पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवलेलं आहे का, हेही विचारा. हा कायदा गर्भलिंगनिदानाचा, पण ओटीतलं मशीनही त्यातून सुटत नाही. हे विचारल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते, तिथं जाऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे एमडीची अतिरिक्त पात्रता म्हणून नोंद आधी करा. व्यावसायिक विमा पहिल्या केसआधी काढा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आहेत. मूळ प्रमाणपत्रं कुठेही जमा करू नका. बऱ्याच हॉस्पिटलांत 'पगार' म्हणतात ती प्रत्यक्षात दहा टक्के टीडीएस कापलेली व्यावसायिक फी असते, तेव्हा रजा आणि नाइट ड्युटी किती, हे लेखी घ्या. बॅचच्या सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांशी संबंध ठेवा. पाच वर्षांनी त्यांचीच नर्सिंग होम निघतील आणि फोन तुम्हालाच येईल.

पालकांना एक विनंती. मुलाखतीला सोबत जाऊ नका. पार्किंगमध्ये गाडीत बसून वाटही बघू नका. ज्या मुलीच्या हाती सर्जन आपला पेशंट सोपवणार आहे, तिला त्या दारातून एकटीनं आत जाऊ द्या.