३०२ मधला वास

मीरा रोडला आमच्या सोसायटीचा मी तीन वर्षं सेक्रेटरी होतो. त्या काळातली एक नोटीस अजून माझ्या फायलीत आहे: ‘३०२ मधील नायजेरियन भाडेकरूच्या स्वयंपाकाचा असह्य वास जिन्यात येतो.’ मजकूर माझाच. तो नायजेरियन नव्हता, कॅमेरूनचा होता. आफ्रिकेत ५४ देश आहेत. आमच्या कमिटीपुरता एकच.

नोटीस द्यायला मी वर गेलो ते वॉचमनला सोबत घेऊन. एकट्याने जायची भीती वाटली. दार उघडलं आणि भपकारा आला तो जवळ्याचा! सुका जवळा तव्यावर परतला की आईच्या घरी सुटायचा, तोच. ओट्यावर पिशवी होती. उत्तनची मावशी बाजारात बसते तिच्याकडून आणला म्हणाला. माझी बायकोही तिच्याकडूनच घेते. त्यांच्याकडे म्हणे तो कुटून रश्श्यात घालतात. “अंकल, आओ ना,” म्हणत तो दारातून बाजूला झाला.

मी नोटीस खिशात परत घातली, असं लिहायला आवडलं असतं. दिली. कमिटीचा ठराव होता.

१९९८ साली मी भाईंदर पश्चिमेला घर शोधत होतो, तेव्हा दोन एजंटांनी आडनाव ऐकूनच विचारलं होतं, “मच्छी खाता का?” घर मिळालं नाही. तो राग वीस वर्षं जपला आणि काढला कोणावर, तर जवळा खाणाऱ्यावर. त्यात गाव माझं मुरूडजवळ. तिथे १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं राज्य होतं, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या घराण्याचं. आजोबांनी त्यांनाच शेतसारा भरला. पाहुण्यांना किल्ला दाखवताना मी हे रंगवून सांगतो.

तुम्ही कमिटीवर असाल तर माझ्यासारखं करू नका. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. भाडेकरू परदेशी असेल तर मालकाने पासपोर्ट-व्हिसाची प्रत घ्यावी, २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी, पोलिसांना कळवावं. कागद नसतील तर मालकाला धरा, भाडेकरू कुठलाही असो. असतील तर विषय संपला.

मीटिंगमध्ये कोणीतरी “हे लोक ड्रग्जवाले” म्हणणारच. काही आफ्रिकी पकडले गेलेत, खरं आहे. आपलेही पकडले जातात, म्हणून त्यांच्या आडनावाच्या सगळ्यांना कोणी घरं नाकारत नाही. तेव्हा इतिवृत्तात नेमकं लिहायला लावा: कोणी, कोणत्या तारखेला, काय केलं. ‘वातावरण बिघडतं’ चालू देऊ नका. आमच्याकडे हा नियम असता तर वहीत जवळ्याशिवाय काही उमटलंच नसतं.

अकरा महिन्यांचा करार होता. सातव्या महिन्यातच तो खोली सोडून गेला. सामान बाहेर नेल्याची नोंद गेटवरच्या रजिस्टरमध्ये आहे: दोन बॅगा, एक गादी, एक मिक्सर. नावाच्या रकान्यात वॉचमनने ‘काळा, ३०२’ लिहिलंय, आणि पानाखाली तपासल्याची सही माझी आहे.