आधी अक्ष तपासा, मग नकाशा दाखवा

फैजपूर परिसरातल्या केळीबागांवर उपग्रहातून लक्ष ठेवायचे, तर सेंटिनेल-2 ची चित्रे फार उपयोगी पडतात. 2017 पासून दोन उपग्रहांची जोडी साधारण दर 5 दिवसांनी त्याच जागेचे चित्र देते, तेही फुकट. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. ही चित्रे तारखेप्रमाणे एकावर एक रचली, की केळीचा मृगबाग हंगाम असो वा कांदेबाग, लावणीपासून कापणीपर्यंतचा हिरवेपणा त्या चळतीत वाचता येतो. अडचण ढगांची. ढग किंवा त्याची सावली आली की हिरवेपणाचा आकडा खोटाच खाली पडतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलची तारखांची मालिका सुटी घेऊन तिच्यावर फिल्टर चालवायचा. फक्त काळाच्या अक्षावर, शेजारच्या पिक्सेलला हात न लावता.

एका विद्यार्थ्याने असा नकाशा माझ्याकडे तपासायला आणला. नकाशा स्वच्छ, गुळगुळीत होता. तो पाहताना एका शेतकऱ्याने बोट ठेवले: "सर, बांधाच्या अलीकडे माझी केळीची पिलबाग, पलीकडे हरभरा. दोन्हीकडे एकच रंग कसा?" मग आम्ही बांध न् बांध पाहिला. उत्तर-दक्षिण जाणारे बांध पुसट झाले होते, पूर्व-पश्चिम जाणारे मात्र शाबूत होते. फिल्टर तारखांवर चाललाच नव्हता, तो चित्राच्या ओळीवरून आडवा फिरला होता.

कारण साधे. पायथनच्या सायपाय लायब्ररीतला सावित्झकी-गोले फिल्टर, अक्ष सांगितला नाही तर, शेवटचा अक्ष धरतो. चळतीत तारीख पहिली, मग ओळ, मग स्तंभ असा क्रम असेल तर शेवटचा अक्ष पूर्व-पश्चिमेचा येतो. संगणक चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते. मीडियन फिल्टरला आकार म्हणून नुसता 5 दिला, तर तो तिन्ही अक्षांवर 5 धरतो. द्यायचे असते 5, 1, 1.

आपल्याकडे याचे नुकसान जास्त, कारण मळे लहान. एकरभर मळ्याला जेमतेम 40 पिक्सेल येतात. 6 बाय 6 चा चौकोन धरला आणि त्यावर फिल्टरची 5 बाय 5 ची खिडकी फिरवली, तर शेजारच्या पिकाची भेसळ न झालेले फक्त 4 पिक्सेल उरतात.

अक्ष बरोबर असला तरी काम संपत नाही. वादळाने उभी बाग आडवी झाली, तर हिरवेपणा एकदम कोसळतो. पंचनाम्याला तोच दिवस महत्त्वाचा. सरासरीचा फिल्टर तो कडा उताराचा करून टाकतो, मीडियन तो बराचसा जागेवर ठेवतो. शिवाय ढगाळ चित्रे गाळली की तारखांमधली अंतरे समान राहत नाहीत. उन्हाळ्यात 5 चित्रे म्हणजे 20 दिवसांचा पट्टा. पावसाळ्यात तीच 5 चित्रे दोन-तीन महिने व्यापू शकतात. सावित्झकी आणि गोले यांची 1964 ची पद्धत समान अंतर गृहीत धरते. तेव्हा खिडकी चित्रांत नव्हे, दिवसांत मोजा, किंवा आधी मालिका समान अंतरावर आणा. गाळलेल्या जागी शून्य मात्र भरू नका. शून्य हा फिल्टरला खराच आकडा वाटतो.

 

माझा आग्रह एका चाचणीचा आहे. सगळीकडे शून्य असलेली चळत बनवा. मधल्या एकाच पिक्सेलला सर्व तारखांना 1 द्या आणि आपला फिल्टर चालवा. तो काळाच्या अक्षावर चालत असेल तर तो पिक्सेल जसाच्या तसा परत येतो. शेजारी पसरला किंवा पुसला गेला, तर अक्ष चुकला आहे. पाच मिनिटांचे काम आहे; ते केल्याशिवाय कोणत्याही शेतकऱ्यापुढे नकाशा ठेवू नका.