आबांची ठासणीची : किंमत किती?

दिवाळीच्या सुट्टीत जानेफळला गेलो होतो. माळ्यावरचा पसारा काढताना पोत्यात गुंडाळलेली आबांची ठासणीची बंदूक निघाली. मोठे बाबा म्हणाले, "तू तं इंजिनिअर होऊन रायला. सांग बरं, हिची किंमत किती येईन?"

प्रश्न सोपा वाटला. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये स्क्रॅप व्हॅल्यू, मार्केट व्हॅल्यू वगैरे पाठ केलेलं होतंच. म्हटलं, चला, खरोखरचं उदाहरण मिळालं!

आधी ठासणीची म्हणजे काय ते सांगतो. हिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून काळी दारू, चिंधी आणि छर्रे घालून गजाने ठासायचे. मागे एक छोटी टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी पेटते आणि ठिणगी दारूपर्यंत जाते. बस्स, एवढंच मशीन.

१) भंगाराची किंमत : थोडं लोखंड, थोडं लाकूड. चहापाण्याचे पैसे निघतील. पण बंदूक भंगारवाल्याला विकणे हा गुन्हाच आहे.

२) वापराची किंमत : आबा तूर-ज्वारीच्या दिवसांत रात्री जागलीला जायचे तेव्हा ही सोबत असायची. 1959 च्या शस्त्र कायद्यात (कलम 13) पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद आहे. म्हणून खेड्यापाड्यात अशा बंदुका दिसायच्या. पण लायसन्स बंदुकीचं असतं, शिकारीचं नाही. रानडुक्कर आणि रोही यांना 1972 चा वन्यजीव कायदा लागू आहे. त्यामुळे मुख्य काम आवाज करून हाकलण्याचं. आज तेच काम आमच्या शेतात झटका मशीन करते, आणि ती रात्रभर जागते!

३) पुराणवस्तू म्हणून किंमत : 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे साधारणपणे वस्तू किमान 100 वर्षांची लागते. आमची तेवढी जुनी नाही. शिवाय हिचा मूळ कुंदा तुटल्यावर आबांनी गावच्या सुताराकडून सागाचा नवा बसवून घेतला होता. संग्राहक अशा 'जोडलेल्या' वस्तूला कमी भाव देतो.

इथे एक परदेशातलं उदाहरण आठवलं. अमेरिकेत ठासणीच्या पिस्तुलाचं चक्क किट मिळतं. नळी आणि चाप तयार, लाकूड घासून जोडणी घरी करायची. तिथल्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात अशा ठासणीच्या नकला साध्या बंदुकीत मोजत नाहीत. वडिलांनी जोडलेलं असं पिस्तूल मुलाकडे येतं आणि तोही हाच प्रश्न विचारतो. उत्तर बहुधा निराशेचं असतं. कारखान्यात जोडलेल्याचा दर्जा ठरलेला असतो, घरी जोडलेल्याचा हात कोणाचा होता ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं. म्हणून भाव पडतो. म्हणजे ज्या हातामुळे घरच्यांना वस्तू मोलाची वाटते, त्याच हातामुळे बाजारात ती स्वस्त होते. आमच्या सागाच्या कुंद्याचं तेच.

४) बाजारभाव : आपल्याकडे लायसन्स असलेल्यालाच विकता येते. गिऱ्हाईक मोजके, म्हणून भाव नाही. आणि मुख्य म्हणजे विकणारे आम्ही कोण? लायसन्स आबांच्या नावाचं होतं. ते माणसाबरोबर संपतं, जमिनीसारखं आपोआप वारसाला लागत नाही. कलम 21 सांगतं की अशी बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. मग वारसाने रीतसर अर्ज करावा. आबा जाऊन पाच वर्षं झाली होती. आम्ही सगळे शिकलेसवरलेले, पण कोणाच्या डोक्यात आलं नाही.

हे वाचून दाखवल्यावर मोठे बाबा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन केला, आणि त्यांनी सांगितलं तशी बंदूक नेऊन दिली.

तिथे एका वयस्क हवालदारांनी गज नळीत सोडला, तोंडाशी अंगठा धरून बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. गज चार बोटं कमी भरला. ते शांतपणे म्हणाले, "भरेल हाय."

काय सांगू, पायाखालची जमीन सरकली. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं मरत नाही. त्याच माळ्याखाली आम्ही भावंडं झोपायचो. लहानपणी एकदा मीच तो घोडा ओढून पाहिला होता! टोपी नव्हती म्हणून आज हा लेख लिहितोय. मी चार प्रकारच्या किमती काढल्या, पण एक साधं माप घेतलं नाही. आतली लांबी आणि बाहेरची लांबी. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये हेच तर शिकवतात!

बंदूक जमा झाली, पावती मिळाली. अर्ज करायचा नाही असं घरात ठरलं. आबांची लायसन्सची वही मात्र आजीने ट्रंकेत ठेवली आहे. तिच्यावर आबांचा तरुणपणीचा फोटो आहे, आणि तसा दुसरा घरात नाही. मोठ्या बाबांच्या प्रश्नाला माझं उत्तर तेच.

तुमच्याही घरी माळ्यावर, कणगीमागे असं काही असेल तर गज घालू नका, घोडा ओढू नका, साफसुद्धा करू नका. ती भरलेलीच आहे असं समजा. आधी ठाण्यात फोन करा. किंमत नंतर काढता येते.