पुस्तकाचा दुवा आणि कमिशनचे उत्पन्न

पुस्तकांचे दुकान चालवायचे तर जागा, भांडवल आणि न खपलेल्या प्रतींचा भार सोसण्याची तयारी लागते. जयपूरच्या सोडाला भागात राहून मराठी पुस्तकांविषयी संकेतस्थळ चालवणाऱ्या व्यक्तीजवळ यांपैकी काहीही नसले, तरी तिच्या लेखामुळे घडलेल्या विक्रीत तिला वाटा मिळू शकतो. यालाच संलग्न विक्री म्हणतात. अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये अशी योजना सुरू केली, तेव्हा ती केवळ पुस्तके विकत असे. भारतात फ्लिपकार्टचा आरंभही २००७ मध्ये पुस्तकांपासूनच झाला.

हा योगायोग नव्हे. पुस्तक नाशवंत नाही, त्यात मापाचा प्रश्न नाही आणि आयएसबीएन या तेरा अंकी क्रमांकामुळे प्रत्येक आवृत्ती निःसंदिग्धपणे ओळखता येते. आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था हा क्रमांक विनामूल्य देते. मात्र अनेक जुन्या मराठी पुस्तकांवर तो नाही. अशा पुस्तकावर कितीही उत्तम लेख लिहिला, तरी जोडण्यास दुवा सापडणे अवघड जाते.

व्यवहार असा चालतो. नोंदणी केल्यावर विक्रेता एक ओळखखूण देतो. ती दुव्यात गुंफलेली असते. वाचकाने त्या दुव्यावरून जाऊन ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर कमिशन जमा होते. पुस्तक परत आल्यास ते रद्द होते. स्वतःच्या दुव्यावरून स्वतःच खरेदी करणे सहसा नियमबाह्य असते.

आता हिशोब. समजा, पुस्तक ३०० रुपयांचे आणि दर ५ टक्के आहे; एका प्रतीमागे १५ रुपये मिळतील. हजार वाचकांपैकी पन्नास जणांनी दुवा उघडला आणि तिघांनी पुस्तक घेतले, तर हाती ४५ रुपये येतात. यावर घर चालत नाही. संकेतस्थळाचा खर्च निघाला तरी पुष्कळ. विक्रेता दर केव्हाही बदलू शकतो, हेही ध्यानी ठेवावे.

या अल्प रकमेतूनच खरा पेच उद्भवतो. स्पर्धा परीक्षेचा उमेदवार मोजक्या पैशांत पुस्तके निवडतो. त्याला एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत हे सांगावे, तर कमिशन बुडते. न सांगावे, तर त्याचे पैसे वाया जातात. नवी आवृत्ती आल्यावरही जुन्या आवृत्तीचा दुवा तसाच राहिला, तर नुकसान त्याचेच. प्रस्तुत लेखकाच्या मते विनामूल्य पर्याय आधी सांगावा आणि दुवा नंतर द्यावा. असा सल्ला मिळालेला वाचक पुढील पुस्तकासाठी परत येण्याचा संभव अधिक.

आर्थिक संबंध उघड करणे हे मात्र केवळ सौजन्य नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये शिफारसकर्त्यांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या; त्यांनुसार असा संबंध सोप्या भाषेत व ठळकपणे सांगावा लागतो. ‘या दुव्यावरून खरेदी झाल्यास आम्हास कमिशन मिळते’ हे वाक्य पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत न छापता दुव्याजवळच असावे, तेही मराठीत.

कमिशनवरील उगम करकपातीचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला. एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजार रुपयांपर्यंतच्या कमिशनावर कपात होत नाही. पण कपात न झालेली रक्कमही विवरणपत्रात दाखवावीच लागते.