इरकली लुगड्याचा पदर

संक्रांत असो, नागपंचमी असो की घरचे लग्न, आपल्या सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडे आजीच्या पेटीतून जे लुगडे निघते ते पुष्कळदा इरकली असते. इलकल गावी होते ते इलकली. बोलता बोलता त्याचे झाले इरकली. हे गाव कर्नाटकात आहे. पूर्वी ते विजापूर जिल्ह्यात होते, १९९७ पासून बागलकोट जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत तो मुलूख मुंबई राज्यातच होता. तेव्हा हे लुगडे आपल्याला परके नाही.

याचे अंग सुती आणि काठ-पदर रेशमी. (आता बरेचदा कृत्रिम रेशीमही वापरतात.) सूत घाम टिपते, रेशीम चमकते. दिवसभर चुलीपुढे पोळ्या लाटायच्या अन् संध्याकाळी तेच नेसून आरतीला उभं राहायचं, हे याच लुगड्याला जमतं.

खरी गंमत पदरात आहे. मागावर लांबीने ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि आडवे विणतात तो बाणा. साध्या लुगड्यात ताण्याचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच असतो. इरकलीत मात्र अंगाचा ताणा निराळा, पदराचा निराळा. अंगाच्या धाग्याचा फास करून त्यात पदराच्या लाल धाग्याचा फास अडकवतात. दोन मुलांनी आपापली बोटे वाकवून एकमेकांत गुंतवावी, अगदी तसं. असे हजारो धागे जोडायचे! म्हणून अंग निळे असो की हिरवे, त्याचा ताणा पदरात शिरत नाही आणि पदर लालभडक दिसतो. या जोडकामाला तिकडे टोपी-तेनी म्हणतात.

पण यामुळे काम वाढते. साध्या कापडाचा लांबलचक ताणा एकदा लावला की पाठोपाठ लुगडी निघतात. इथे प्रत्येक लुगड्याला ताणा नव्याने तयार करावा लागतो. मागाआधीची ही तयारी बहुतेक घरातल्या बाया करतात, आणि विणकर म्हणायचे ते मागावर बसणाऱ्याला! आम्हाला हे काही पटत नाही.

लाल पदरावर पांढरी नक्षी असते. देवळाची शिखरे, फणी, किल्ल्याचा तट आणि ज्वारीचे कणीस. काही लुगड्यांवर वर कशिदाही काढतात. तो धागे मोजून काढायचा असतो, आणि त्याचे काही टाके उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात.

यंत्रमागावर अशाच दिसणाऱ्या साड्या भराभर निघतात व स्वस्त पडतात. काही प्रकारचे कापड हातमागासाठीच राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला, तरी बाजारात नक्कल मिळतेच. हातमागाच्या कष्टाचे दाम मिळाले नाहीत, तर विणकराची मुलं मागावर कशाला बसतील?

म्हणून घेताना पारख करावी. अंग संपून पदर जिथे सुरू होतो तिथे लुगडे उलटे करून पाहावे. अंगाच्या रंगाचे उभे धागे पुढे पदरातही गेलेले दिसले, तर ते जोडकाम नव्हे. धागे तिथेच थांबून लाल धागे सुरू झाले असतील, तर हात फिरवून पाहा, बारीक जोड बोटाला लागतो.

पालकांना एक विनंती. जुने इरकली लुगडे गोधडीत घालण्याआधी एकदा शाळेत आणा. आम्हाला तो जोड भिंगातून पाहायचा आहे. कात्री लावणार नाही, घडी होती तशी परत देऊ.