पलटणीत न रुळणारा मुलगा आणि त्याचे घर

मुलगा फौजेत लागला की घराला वाटते, आता काळजी मिटली. पगार सुरू झाला, वस्तीत मान वाढला, बहिणीच्या लग्नाचे बघता येईल. पण आरोग्य शिबिरांत आम्हाला दुसऱ्या बाजूचे बोलणेही ऐकू येते. "ताई, पोरगं फोनवर हूं-हूं करतं, बोलतच नाही." "सुट्टी संपत आली की त्याचं पोट बिघडतं." "परत जायचं नाही म्हणाला, तर वडलांनी दोन कानाखाली दिल्या." असे सांगणाऱ्या आया आवाज खाली करून सांगतात. फौजीच्या घरात असे असू नये, असे त्यांना वाटत असते.

पलटण आपल्या समाजाला नवी नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आज सैन्याच्या इतर शाखांतही आपली मुले आहेत. याचा अभिमान आहे आणि असावाच. मात्र त्याच अभिमानापोटी "फौजीला कसलं आलंय टेन्शन?" म्हणून आपण मुलाचे तोंड बंद करतो. म्हणून या वेळी या विषयावर सविस्तर बोलू.

हा त्रास नेमका काय आहे?

ट्रेनिंग सेंटरमधले पहिले दिवस सगळ्यांनाच जड जातात. पहाटेची शिट्टी, उस्तादांचा आवाज, हिंदी बोलण्याची सवय नाही, जेवणाची चव वेगळी, आणि एकांत म्हणून कुठे नाही. बहुतेक मुले काही आठवड्यांत रुळतात. काहींना ते जमत नाही. काहींचे ट्रेनिंग नीट पार पडते, पण पुढे लांबच्या पोस्टिंगवर गेल्यावर किंवा घरात काही बिघडल्यावर त्रास सुरू होतो.

डॉक्टर याला समायोजन विकार म्हणतात. सोप्या भाषेत, नव्या परिस्थितीशी मन जुळत नाही आणि त्यामुळे माणसाचे रोजचे काम बिघडते. बहुधा ताण सुरू झाल्यापासून महिनाभरात लक्षणे दिसू लागतात. ताण कमी झाला, आधार मिळाला, की साधारण सहा महिन्यांत ती ओसरतात. ताण तसाच राहिला तर त्रास लांबतो, आणि काहींच्या बाबतीत त्याचे नैराश्यात किंवा दारूच्या व्यसनात रूपांतर होते. वेळेवर ओळखले तर हा बरा होणारा त्रास आहे.

लक्षणे अशी दिसतात:

- झोप न लागणे, भूक मरणे, वजन उतरणे
- डोके, पोट, छाती दुखणे, पण तपासणीत काही न सापडणे
- एकाच विचाराभोवती मन घुटमळणे, कामात वारंवार चुका
- लहान गोष्टीवर भडकणे, किंवा अगदी गप्प होणे
- फोन टाळणे, सोबत्यांपासून दूर राहणे
- दारू सुरू होणे किंवा वाढणे

पुरुष "मन दुखतं" असे सहसा म्हणत नाहीत, ते "पोट दुखतं" म्हणतात. त्यामुळे एमआय रूममध्ये सारखा जाणारा जवान कामचोर ठरतो. घरीही त्याला तेच ऐकावे लागते. दुखणे मात्र खरे असते.

घरातून काय सोबत जाते?

एकाच बराकीत, एकाच उस्तादांच्या हाताखाली दहा मुले असतात. नऊ रुळतात, एक मोडतो. असे का होते? याची कारणे अनेक आहेत, पण त्यातले एक मोठे कारण मुलगा ज्या घरातून आला त्या घरात असते.

अमेरिकेत १९९८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारले होते: मार, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरातले व्यसन, घरातला मानसिक आजार किंवा आत्महत्येचा प्रयत्न, घरातले कुणी तुरुंगात जाणे. ज्यांनी यांपैकी चार किंवा अधिक प्रकार भोगले होते, त्यांच्यात व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे काहीही न भोगलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट होता. हा अभ्यास सैनिकांपुरता नव्हता. पण २०१४ साली तिथेच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले, की सक्तीची भरती बंद झाल्यानंतरच्या काळात सैन्यात गेलेल्या पुरुषांमध्ये अशा बालपणाचे प्रमाण सैन्यात न गेलेल्यांपेक्षा जास्त आहे. काही मुलांसाठी भरती ही घरातून सुटण्याची वाट असते.

आपल्याकडे काम करताना आम्हाला तीन प्रकारची घरे वारंवार दिसतात.

पहिले, दारूचे आणि मारहाणीचे घर. अशा घरातल्या मुलाला चढा आवाज म्हणजे धोका, हे लहानपणीच शिकावे लागते. उस्ताद ओरडतात ते शिस्तीसाठी, सगळ्यांवर सारखेच. पण या मुलाच्या अंगात जुनी भीती जागी होते. तो थिजतो किंवा उलटून बोलतो. मोठ्या माणसाकडे मदत मागायची असते, हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

दुसरे, काळजीने झाकलेले घर. एकुलता एक किंवा नवसाचा मुलगा. डबा, कपडे, निर्णय, सगळे आईच्या हातात. असा मुलगा बुद्धीने आणि शरीराने चांगला असतो, पण नकार, थट्टा, शिक्षा पचवण्याचा सराव नसतो.

तिसरे, सगळा भार एका मुलावर टाकणारे घर. भरतीच्या अकादमीची फी कर्ज काढून भरलेली, धाकट्यांचे शिक्षण बाकी, घराचे बांधकाम अर्धवट. "तूच आता घराचा आधार" हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलेले असते, की त्रास झाला तरी सांगायची त्याला चोरी होते.

हे वाचून कुणी स्वतःला दोषी ठरवू नये. खडतर घरातून आलेली असंख्य मुले उत्तम सैनिक झाली आहेत. नियमित जेवण, ठरलेली वेळ, पाठीशी उभे राहणारे सोबती, हे काहींना आयुष्यात पहिल्यांदा पलटणीतच मिळते. बालपण बदलता येत नाही. आजचे घर मात्र बदलता येते.

आजचे घर आणि हातातला फोन

पूर्वी पत्र पोहोचेपर्यंत घरातले भांडण मिटलेले असे. आता भांडण चालू असतानाच फोन लागतो. आई सुनेची तक्रार करते, पाच मिनिटांनी बायको सासूची. भावकीने बांध कोरला, वडील पुन्हा प्यायले, हप्ता थकला. दोन हजार किलोमीटरवरचा जवान ऐकतो, फोन ठेवतो आणि हत्यार घेऊन रात्रीच्या ड्यूटीला उभा राहतो. ऐकलेल्यातले काहीही त्याला तिथून सोडवता येत नाही. ही असहायता माणसाला आतून पोखरते.

जमिनीच्या वादाला वाट आहे, ती वापरा. जवानाने युनिटमध्ये अर्ज दिला तर तिथून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जाऊ शकते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही मदत मागता येते. भारतीय सैनिक (वाददावे) कायदा १९२५ नुसार, ठरावीक परिस्थितीत सेवेवर असलेला जवान कोर्टात हजर राहू शकत नसेल, तर दाखल्याच्या आधारे दावा थांबवून ठेवण्याची तरतूद आहे. याची चौकशी युनिटमार्फत करावी.

अग्निवीरांचा ताण आणखी वेगळा आहे. २०२२ पासूनच्या या योजनेत सेवा चार वर्षांची आहे, आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केले जाते. वर्षाला ३० दिवस सुट्टी, पेन्शन नाही. एकविशीतल्या मुलाला नोकरी लागल्या दिवसापासून "पुढे काय?" हा प्रश्न असतो. घराने त्याच्या चार वर्षांच्या पगारावर वीस वर्षांचे कर्ज उभे करू नये.

घराने काय करावे?

- फोनवर आधी विचारा: "जेवलास का? झोप लागते का? सोबती कोण आहे?" उत्तर ऐकून घ्या. घरचे प्रश्न नंतर, आणि घरी सुटणारे प्रश्न घरीच सोडवा.
- वाईट बातमी लपवू नका, पण कोण सांगणार आणि कधी, हे घरात ठरवा. ड्यूटीच्या तोंडावर सांगू नका.
- "मर्द हो", "लोक काय म्हणतील", "अमक्याचा मुलगा बघ" ही वाक्ये टाळा. "तुला जड जातंय हे कळलं, आपण मार्ग काढू" एवढे म्हटले तरी मन हलके होते.
- त्याच्या कंपनीचा फोन नंबर आणि एखाद्या जवळच्या सोबत्याचा नंबर घरात लिहून ठेवा.
- सुट्टीवर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला झोपू द्या. कर्जाची वही पहिल्या रात्री काढू नका.
- वडील पीत असतील तर त्यांच्या उपचाराची सुरुवात आता करा. मुलासाठीही तो उपचारच आहे.

उपचार कुठे मिळतो?

युनिटमध्ये पहिली पायरी म्हणजे वरिष्ठ जेसीओ किंवा कंपनी कमांडर यांना सांगणे आणि एमआय रूममध्ये डॉक्टरांना दाखवणे. तिथून मिलिटरी हॉस्पिटलमधील मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. बहुतेकांना बोलण्याचे उपचार, पुरेशी झोप आणि काही काळ हलके काम यानेच बरे वाटते. गरज पडली तर औषधे देतात.

"कॅटेगरी खाली गेली तर प्रमोशन जाईल" या भीतीने मुले त्रास लपवतात. ही भीती अगदीच खोटी नाही. पण कॅटेगरी तात्पुरतीही असते आणि बरे झाल्यावर फेरतपासणी होते. लपवलेला आजार वाढला, हातून चूक घडली किंवा व्यसन लागले, तर नुकसान त्याहून मोठे असते.

सुट्टीत त्रास वाढला तर जवळचे मिलिटरी हॉस्पिटल गाठा. ते लांब असेल तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात दाखवा, कागद जपून ठेवा आणि युनिटला लगेच कळवा. सुट्टी संपल्यावर न कळवता मुलाला घरी ठेवू नका. विनापरवाना गैरहजेरी हा लष्करी कायद्याने गुन्हा आहे. मायेने लपवलेला मुलगा शिक्षेला पात्र ठरतो आणि त्याचा उपचारही राहून जातो.

टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येते. घरच्यांनीही फोन करून सल्ला घ्यावा. सैन्यदलांसाठी टेलिमानसचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चालवण्याचा करार डिसेंबर २०२३ मध्ये झाला आहे.

थांबू नये अशी वेळ

"माझ्यामागे आईला बघा", "मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल" असे बोलणे, वस्तू वाटून टाकणे, निरोपाचे फोन करणे, फार अस्वस्थ माणूस एकदम शांत होणे, यांतले काही जाणवले तर सकाळची वाट पाहू नका. त्याला सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फोन चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून युनिटला कळवा. त्याला एकटे ठेवू नये, हत्याराची ड्यूटी देऊ नये, हे स्पष्ट शब्दांत सांगा. तो घरी असेल तर सतत कुणीतरी सोबत राहा, शेतीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याला दवाखान्यात न्या.

महिला मंडळांना आमची एक विनंती आहे. आपल्या वस्तीतील कोणकोणत्या घरांतली मुले फौजेत आहेत, हे पाहा. त्या आयांना आणि सुनांना महिन्यातून एकदा एकत्र बसवा आणि हा लेख त्यांना वाचून दाखवा. ज्या घरात फोन आला की सगळे गप्प होतात, त्या घरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.