हंगाम बुडाला तरी

आजचा शास्त्रभाग : हबक्कूक 1:2-4, 2:1, 3:16-19

आपल्याकडे ‘हंगाम’ हा शब्द शेतीलाही वापरतात आणि खेळालाही. आजचा भाग बुडालेल्या शेतीबद्दल आहे, पण वाचताना मला 2020 चा बेसबॉलचा हंगाम आठवत राहिला.

मी पिट्सबर्ग पायरेट्सचा चाहता. ज्यांना बेसबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात 162 सामने खेळतो, म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज. 2020 मध्ये कोविडमुळे हंगाम थेट 23 जुलैला सुरू झाला आणि सामने उरले फक्त 60. स्टेडियम रिकामी, काही ठिकाणी खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे प्रेक्षक. एखाद्या संघात लागण झाली की सामने पुढे ढकलायचे आणि मग एकाच दिवशी दोन-दोन उरकायचे, तेही नऊऐवजी सात इनिंगचे. एवढं करून आमच्या संघाने 19 सामने जिंकले आणि 41 हरले. तीस संघांत सगळ्यात शेवटी!

दिवसभर घरात कोंडून राहायचं, संध्याकाळी विरंगुळा म्हणून टीव्ही लावायचा, तर तिथेही हार. “अजून किती दिवस हे?” असं आपोआप तोंडून निघायचं. तो वैताग नुसत्या खेळाचा नव्हता. त्या वर्षी कुणाची नोकरी गेली, विमानं बंद असल्यामुळे कुणाला आईवडिलांच्या शेवटच्या दर्शनाला भारतात जाता आलं नाही. साठलेलं दुःख कुठूनतरी बाहेर पडतंच.

हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक याच प्रश्नाने सुरू होतं : किती काळ? त्याच्यासमोर खेळ नव्हता. यहूदातला अन्याय आणि हिंसा होती. उत्तर मिळालं तेही जड : खास्दी लोक चालून येणार. पण तो देवाकडे पाठ फिरवत नाही. तक्रार देवापाशीच मांडतो आणि पहारेकऱ्यासारखा उत्तराची वाट बघत उभा राहतो.

तिसऱ्या अध्यायात तो नुकसानीची यादीच करतो. अंजीर, द्राक्षं, जैतून, शेत, मेंढरं, गुरं. सहाच्या सहा ठिकाणी शून्य. आणि तरीही तो म्हणतो, मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

इथे चाहत्याची आशा आणि विश्वासणाऱ्याची आशा यांतला फरक दिसतो. चाहता म्हणतो, “पुढच्या वर्षी बघू.” पायरेट्सचे चाहते 1993 पासून 2012 पर्यंत सलग 20 हंगाम हेच म्हणत होते, कारण त्यातल्या एकाही हंगामात संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते. 2013 मध्ये संघ प्लेऑफमध्ये गेला, आम्ही नाचलो. सात वर्षांनी पुन्हा तळाला. 2020 मध्ये शेवटचे आलो म्हणून 2021 च्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा पहिला मान मिळाला. म्हणजे हरण्याचीही थोडी भरपाई असते.

हबक्कूकच्या यादीखाली अशी भरपाई लिहिलेली नाही. पुढच्या वर्षी अंजीर फुलेल, असं तो म्हणत नाही. त्याचा आनंद पिकावर टांगलेला नाही, तारणाऱ्या देवावर आहे. म्हणूनच पीक गेलं तरी आनंद जात नाही. आणि हे उसनं हसूही नव्हे. आधीच्याच वचनात तो भीतीने थरथर कापतोय. थरथरतं अंग आणि देवाच्या ठायी आनंद, दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं.

आज एक करून बघा. तुमच्या आयुष्यात जे फुललं नाही त्याची यादी करा. आजारपण, अडलेलं लग्न, रखडलेला व्हिसा, काहीही. लहान गोष्ट आहे म्हणून गाळू नका. ती देवाला वाचून दाखवा. मग शेवटी एकच शब्द लिहा : ‘तरी’. त्यापुढचं वाक्य प्रार्थनेत पूर्ण करा.

प्रार्थना : हे प्रभू, आमची तक्रार तू ऐकून घेतोस म्हणून तुझे आभार. निकाल काहीही लागो, आमचा आनंद तुझ्यात राहू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.